नासपतीची चोरी आणि जन्माचा ठपका



मागच्या व्याख्यानाच्या शेवटी एक प्रश्न आला होता आणि वेळ संपल्यामुळे तो तसाच राहून गेला. माणूस मुळात चांगला की वाईट? आज आपण तोच प्रश्न घेणार आहोत.

प्रश्न जुना आहे, पण केवळ पुस्तकातला नाही. आपल्या रोजच्या बोलण्यात त्याची उत्तरं तयार असतात. ‘खाण तशी माती.’ ‘मुलाचे पाय पाळण्यात दिसतात.’ शेजारच्या पोराने दुकानातल्या गल्ल्यातून पैसे उचलले, की आपण म्हणतो, ‘रक्तातच आहे त्याच्या.’ आपल्या घरच्या पोराने उचलले, तर म्हणतो, ‘संगत वाईट लागली हो त्याला.’ गंमत बघा. कृत्य एकच, पण आपण दोन वेगळे सिद्धान्त वापरले. एकात पाप रक्तात आहे, दुसऱ्यात ते संगतीत आहे. आणि कोणता सिद्धान्त कुणाला लावायचा, हे आपण पोर कुणाचं आहे ते पाहून ठरवलं. रक्त आणि संगत हे दोन शब्द तेवढे लक्षात ठेवा. आजचं सगळं विवेचन त्या दोन शब्दांभोवतीच फिरणार आहे.

ख्रिस्ती परंपरेत ‘मूळ पाप’ किंवा ‘आदिपाप’ नावाचा सिद्धान्त आहे. पहिल्या माणसाने, आदामाने, देवाची आज्ञा मोडली; त्या पापाचा वारसा प्रत्येक माणसाला जन्मासोबत मिळतो; म्हणून नुकतं जन्मलेलं मूलसुद्धा निर्दोष नाही. थोडक्यात सिद्धान्त असा. पण एक गोष्ट पुष्कळांना माहीत नसते. आदाम आणि हव्वेची गोष्ट बायबलच्या उत्पत्ती या पुस्तकाच्या तिसऱ्या अध्यायात येते, आणि त्या अध्यायात ‘पाप’ हा शब्दच नाही. तो पहिल्यांदा येतो पुढच्या अध्यायात, भावाचा खून करणाऱ्या काइनच्या गोष्टीत. यहुदी लोक हीच गोष्ट हजारो वर्षं वाचत आले, पण जन्माबरोबर येणाऱ्या अपराधाचा सिद्धान्त त्यांनी त्यातून काढला नाही. माणसात चांगली आणि वाईट अशा दोन प्रवृत्ती असतात आणि त्यांची झटापट चालते, एवढंच त्यांचे धर्मगुरू म्हणाले. इस्लाममध्येही आदामाची चूक आहे, पण तिची क्षमाही तिथेच आहे. एकाचं ओझं दुसऱ्याने वाहायचं नाही, ही कुराणाची भूमिका आहे. म्हणजे गोष्ट एकच आणि निष्कर्ष वेगवेगळे. मग हा विशिष्ट निष्कर्ष एवढ्या ठामपणे कुणी काढला?

त्याचं नाव ऑगस्टिन. जन्म इ.स. ३५४, उत्तर आफ्रिकेतल्या थागास्ते या गावी, म्हणजे आजच्या अल्जिरियात. पुढे तो हिप्पो या बंदरगावाचा बिशप झाला. वयाच्या चाळिशीत, साधारण ३९७ ते ४०० या काळात, त्याने ‘कन्फेशन्स’ नावाचं पुस्तक लिहिलं. त्याच्या दुसऱ्या भागात एक लहानशी चोरी आहे, आणि आमच्या मते मूळ पापाच्या सिद्धान्ताची सगळी ताकद आणि सगळी कच्ची बाजू त्या एका चोरीत दिसते.

ऑगस्टिन सोळा वर्षांचा आहे. वडिलांकडे पुढच्या शिक्षणाला पैसे नाहीत, म्हणून पोरगा वर्षभर घरीच बसलाय. संध्याकाळभर हुंदडायचं, मित्रांची टोळी जमवायची. त्यांच्या द्राक्षमळ्याजवळ दुसऱ्या कुणाचं तरी नासपतीचं झाड होतं, फळांनी लगडलेलं. एका रात्री उशिरा ही टोळी गेली, झाड हलवलं, फळं ओरबाडली आणि नेऊन डुकरांपुढे टाकली. एखाददुसरं चाखलंही असेल. भूक नव्हती. त्याच्या घरी याहून चांगली फळं होती. त्या फळांना रूप नव्हतं आणि चवही नव्हती.

पुष्कळ वाचकांना इथे हसू येतं. पोरांनी पाडलेल्या कैऱ्यांवर कुणी एवढी पानं लिहितं का? पण ऑगस्टिनला पडलेला प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. तो विचारतो की मला फळ नको होतं, तर मला हवं तरी काय होतं? खून करणारासुद्धा पैशासाठी, सूडासाठी, भीतीपोटी करतो. त्याला काही तरी मिळवायचं असतं. मला तर काहीच मिळवायचं नव्हतं. मला फक्त ते करायचं होतं, कारण ते करायचं नव्हतं. ‘अज्ञानामुळे माणूस चुकतो, ज्ञान झालं की सुधारतो’ असं म्हणणाऱ्या ग्रीक परंपरेला हा मोठा धक्का होता. या मुलाला चांगलं काय ते ठाऊक होतं, आणि तरी त्याने केलं. आम्हाला वाटतं, माणसाच्या मनाबद्दलचं इतकं प्रामाणिक निरीक्षण त्या काळात दुसऱ्या कुणी केलं नसेल.

आता याच प्रकरणातली दुसरी गोष्ट पाहा. ऑगस्टिन सांगतो की मी एकटा असतो, तर ही चोरी केलीच नसती. हे तो ओझरतं म्हणत नाही, पुन्हा पुन्हा म्हणतो. एकट्याला हसू येत नाही, एकट्याला चेव चढत नाही. ‘चला रे’ म्हणणारं कुणी असलं, की न करण्याचीच लाज वाटते.

म्हणजे बघा, त्याच्या हाताला दोन धागे लागले होते. एक धागा म्हणत होता, माझ्या इच्छेतच काही तरी वाकडं आहे. दुसरा म्हणत होता, हे वाकडेपण संगतीत जागं होतं. पुढच्या तीस वर्षांत ऑगस्टिनने पहिला धागा धरला आणि तो थेट आदामापर्यंत नेला, रक्तातून, पिढ्यापिढ्यांतून. दुसरा धागा झाडाखालीच पडून राहिला. त्याच्यावरचा आमचा मुख्य आक्षेप हाच आहे.

आणखी एक आक्षेप आहे. नासपतीच्या चोरीची त्याने एवढी चिरफाड केली, पण ज्याचं झाड होतं त्याचं काय नुकसान झालं, याची चौकशी नाही. हाच माणूस सुमारे पंधरा वर्षं एका बाईबरोबर राहिला, तिच्यापासून त्याला मुलगा झाला, आणि पुढे सोयीचं लग्न ठरल्यावर तिला आफ्रिकेत परत पाठवलं गेलं. आपलं काळीज रक्तबंबाळ झालं, असं तो लिहितो. पण तिचं नाव पुस्तकात नाही आणि तिच्या वाट्याला आलेली वाक्यं मोजकी आहेत. मुलगा मात्र त्याच्याकडेच राहिला. स्वतःच्या आत डोकावण्यात तो इतका गढला, की ज्या माणसाचं आपण वाईट केलं ते माणूस चौकटीच्या बाहेर राहिलं. पाप ही देव आणि मी यांच्यातली गोष्ट झाली, की असं होतं.

ऑगस्टिनच्या मताला पहिला जोरदार विरोध केला पेलॅजियसने. हा मूळचा ब्रिटनमधला, विरक्त वृत्तीचा, रोममध्ये राहून श्रीमंत घराण्यांतल्या लोकांना धर्माचरण शिकवणारा. त्याने आजूबाजूला काय पाहिलं? बाप्तिस्मा घ्यायचा, सणावाराला चर्चमध्ये जायचं आणि बाकी वेळ मन मानेल तसं वागायचं. वर विचारलं की उत्तर तयार, ‘काय करणार, माणूसच आहे.’ ऑगस्टिनच्या पुस्तकात एक प्रार्थना आहे. तिचा आशय असा, की देवा, तू जी आज्ञा करशील ती पाळण्याची शक्तीही तूच दे. ती ऐकून पेलॅजियस भडकला. त्याचं म्हणणं होतं, देवाने आज्ञा दिली याचाच अर्थ ती पाळण्याची ताकद आपल्यात आहे. न्यायी मालक नोकराला अशक्य काम सांगेल का? आदामाने वाईट उदाहरण घालून दिलं, एवढंच. त्याचा अपराध आपल्या रक्तात उतरला नाही.

इ.स. ४१० मध्ये गॉथ लोकांनी रोम लुटलं, पेलॅजियस तिथून निघाला, आणि वाद आफ्रिकेपासून पॅलेस्टाइनपर्यंत पसरला. ४१८ मध्ये कार्थेजच्या धर्मपरिषदेने पेलॅजियसची मतं धिक्कारली, सम्राटाने त्याच्या अनुयायांना रोममधून हाकललं आणि पोपनेही शिक्कामोर्तब केलं. त्यानंतर ज्युलियन नावाचा इटलीतला तरुण बिशप पुढे आला. त्याचा प्रश्न सरळ होता: तान्ह्या बाळाला शिक्षा करणारा देव न्यायी कसा? या ज्युलियनचं खंडन करता करताच ४३० मध्ये ऑगस्टिन वारला, तेव्हा शहराला व्हँडल टोळ्यांचा वेढा पडला होता आणि तो ग्रंथ अपुरा राहिला. जाता जाता एक तपशील. माणूस जन्माने दोषी नसतो, असं हिरिरीने मांडणारा हाच ज्युलियन वादाच्या भरात ऑगस्टिनला ‘प्यूनिक’ म्हणून हिणवत होता, म्हणजे तू आफ्रिकेतला, तुझी जातकुळीच तसली. जन्माचा ठपका तत्त्वात नाकारणं सोपं असतं, तोंडातून जाणं कठीण.

ऑगस्टिनच्या बाजूचा एक मोठा आधार होता पौलाने रोमकरांना लिहिलेल्या पत्रातलं एक वचन. ऑगस्टिनला ग्रीक फारसं येत नव्हतं, तो लॅटिन भाषांतर वाचत होता. त्या भाषांतरात अर्थ असा निघत होता की ‘त्याच्यामध्ये’, म्हणजे आदामामध्ये, सर्वांनी पाप केलं. मूळ ग्रीक शब्दांचा अर्थ आज बहुतेक अभ्यासक ‘कारण सर्वांनी पाप केलं’ असा घेतात. पहिल्या अर्थाने आपण सगळे आदामाच्या पोटात बसून त्या गुन्ह्यात सामील होतो. दुसऱ्या अर्थाने आपण आपापली पापं करतो. ग्रीक वाचणाऱ्या पूर्वेकडच्या ख्रिस्ती चर्चने हा जन्मजात अपराधाचा सिद्धान्त त्या स्वरूपात कधीच स्वीकारला नाही. आदामाकडून आपल्याला मरण आणि दुबळेपण मिळालं, दोष मिळाला नाही, असं ते मानत आले. पश्चिमेत मात्र ऑगस्टिन जिंकला.

आणि त्याची किंमत कुणी दिली? बाप्तिस्म्याआधी मेलेल्या बाळांच्या आयांनी. ऑगस्टिन म्हणाला की अशा बाळांना शिक्षा अगदी सौम्य होईल, पण होईल. पुढच्या धर्मपंडितांना हे जड गेलं, म्हणून त्यांनी त्या बाळांसाठी ‘लिंबो’ नावाची एक वेगळी जागा कल्पिली, जिथे यातना नाहीत पण देवाचं दर्शनही नाही. २००७ मध्ये व्हॅटिकनच्या आंतरराष्ट्रीय धर्मशास्त्र आयोगाने एका निवेदनात म्हटलं की या बालकांच्या तारणाची आशा बाळगायला सबळ कारणं आहेत. मूल गेलेल्या आईला आशा बाळगायची परवानगी लेखी मिळायला सोळाशे वर्षं जावी लागली. एखादा सिद्धान्त तपासायचा असेल, तर तो सर्वांत दुबळ्या जिवाचं काय करतो ते आधी पाहावं.

तर मग पेलॅजियस बरोबर होता का? इथे आपण जरा थांबू या. पेलॅजियस आजच्या माणसाला लगेच आवडतो. ‘तू करू शकतोस’ हे त्याचं ब्रीद आहे, आणि तेच आज प्रत्येक क्लासच्या फलकावर असतं. पण या वाक्याची दुसरी बाजू पाहा. तू करू शकतोस, म्हणजे नाही केलंस तर दोष सर्वस्वी तुझा. दारू सोडायची दहा वेळा शपथ घेऊन अकराव्यांदा गुत्त्याकडे वळणाऱ्या माणसाला पेलॅजियस काय सांगेल? सांगेल, इच्छा कर आणि सोड. ऑगस्टिन सांगेल, तुझी इच्छाच दुभंगलेली आहे, अर्धी ओढते आणि अर्धी अडवते. एकट्याच्या बळावर हे होणारं नाही, हात माग. व्यसनमुक्तीच्या बैठकींत गोल करून बसणारी माणसं आधी आपलं हतबलपण कबूल करतात, आणि तिथूनच त्यांची सुटका सुरू होते. ती माणसं ऑगस्टिनच्या जवळची आहेत.

आणि आणखी एक. ऑगस्टिनच्या सिद्धान्तात एक विलक्षण समता आहे. बिशप, सम्राट, गुलाम, बाळ, सगळे एकाच रांगेत. ज्या अँब्रोजने ऑगस्टिनला बाप्तिस्मा दिला, त्यानेच ३९० मध्ये थेस्सलनीकातल्या कत्तलीबद्दल खुद्द सम्राट थिओडोसियसला प्रायश्चित्त घ्यायला लावलं होतं. ‘सगळेच पापी’ हे वाक्य सत्तेपुढे उच्चारलं, की ते फार धारदार होतं.

युरोपात या सिद्धान्ताला पुढचा मोठा धक्का दिला रूसोने. १७६२ च्या ‘एमिल’मध्ये त्याने लिहिलं की निसर्गाकडून माणूस चांगलाच येतो, माणसांच्या हातात पडून बिघडतो. पॅरिसच्या आर्चबिशपांनी पुस्तकाचा निषेध केला, आणि त्यात मूळ पाप नाकारल्याचा मुद्दा होताच. रूसोने ऑगस्टिनने टाकलेला संगतीचा धागा उचलला खरा, पण तो दुसऱ्या टोकाला गेला. सगळं समाजामुळे होतं, तर समाज बनला कशाचा? आणि स्वतःची पाचही मुलं अनाथालयात सोडून देताना ‘समाजाने भाग पाडलं’ हे उत्तर किती सोयीचं! रक्ताचा सिद्धान्त दुसऱ्याला दोषी ठरवायला बरा पडतो आणि संगतीचा सिद्धान्त स्वतःला सोडवायला. सुरुवातीची ती दोन पोरं आठवा.

आता आपल्याकडे येऊ. या विषयावर बोलताना आपल्या सभांमधून एक वाक्य हमखास येतं: ‘आमच्याकडे असलं काही नाही. आमच्याकडे माणूस हा आत्मरूप, शुद्ध.’ स्वामी विवेकानंदांनी १८९३ मध्ये शिकागोच्या परिषदेत हाच मुद्दा मांडला, की माणसाला पापी म्हणणं हेच पाप आहे. ज्या काळात मिशनरी आपल्याला रोज पापी म्हणत होते, त्या काळात त्या बोलण्याने लोकांचा कणा ताठ झाला, हे नाकारायचं कारण नाही. पण ते वाक्य आपण आज बिनदिक्कत वापरावं का?

पूजा झाल्यावर आपण स्वतःभोवती प्रदक्षिणा घालतो, तेव्हाचा मंत्र आठवा. आपण पापी आहोत, आपला जन्मच पापातला आहे, अशी कबुली त्यात आहे. घरोघरी ती म्हटली जाते, अर्थाकडे लक्ष नसतं एवढंच. गीतेच्या तिसऱ्या अध्यायात अर्जुन विचारतो की इच्छा नसतानाही माणूस कुणीतरी ढकलल्यासारखा पाप का करतो. हा प्रश्न नासपतीच्या झाडाखालीही शोभला असता. कृष्ण उत्तर देतो, काम आणि क्रोध. म्हणजे माणसाच्या इच्छेतलं वाकडेपण आपल्या परंपरेला चांगलं ठाऊक होतं.

आणि जन्माबरोबर येणाऱ्या ठपक्याचं काय? तो तर आपल्याकडे होताच, फक्त त्याचं नाव वेगळं होतं. कर्मसिद्धान्ताच्या बाजूने असं म्हणतात की इथे दुसऱ्याचं पाप माझ्या माथी येत नाही, माझंच येतं. आदामापेक्षा हे न्याय्य. तर्क म्हणून हे मान्य करू. पण ज्या जन्माची मला आठवण नाही, ज्या कृत्याचा कुणी साक्षीदार नाही, त्याची शिक्षा म्हणून मला आजची जागा मिळाली, असं मला सांगणारा माणूस कोण असतो? बहुतेक वेळा माझ्याहून वरच्या जागी बसलेला. आणि आपली वरची जागा ही आपल्याच पूर्वपुण्याईची, असंही तो त्याच दमात सांगत असतो. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात गतजन्मीच्या कर्माच्या कल्पनेवर नेमका हाच आक्षेप घेतला: गरिबांच्या आणि दलितांच्या स्थितीची जबाबदारी समाजाने आणि राज्याने झटकून टाकावी, यापलीकडे या सिद्धान्ताचा हेतू दिसत नाही.

दोन्ही सिद्धान्त शेजारी ठेवा. ऑगस्टिन म्हणतो, जन्माने सगळे सारखेच दोषी. आपल्याकडे समाजात ज्या रीतीने कर्मसिद्धान्त वापरला गेला तो म्हणतो, जन्माने काही दोषी आणि काही पवित्र. यातला जास्त निर्दय कोणता, हे श्रोत्यांनी ठरवावं. आमचं मत आम्ही लपवत नाही.

पण ख्रिस्ती सिद्धान्तातली समता प्रत्यक्षात उतरली का? इतिहास तसं म्हणू देत नाही, आणि त्यासाठी लांब जायला नको. गोव्यात १५७९ मध्ये आलेल्या थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइट पाद्र्याने आपल्या मराठीत ‘क्रिस्तपुराण’ रचलं. १६१६ मध्ये ते छापलं गेलं. सुमारे अकरा हजार ओव्या. त्याच्या पहिल्या भागात सृष्टीची उत्पत्ती आणि आदिपुरुषाचं पतन ओवीतून सांगितलं आहे. म्हणजे मूळ पापाची कथा मराठी माणूस चारशे वर्षांपूर्वी ओवीत ऐकत होता. ती ऐकणारे सगळे एकाच आदामाचे, सगळ्यांचं पाप तेच आणि ते धुणारं पाणीही तेच. आणि तरी त्याच गोव्यातल्या चर्चमध्ये बामण, चारडी, सुदिर हे भेद टिकले. चर्चच्या उत्सवाचा मान असलेल्या मंडळ्यासुद्धा जातवार राहिल्या. पाप समान मानलं म्हणून पंगत समान झाली नाही.

आता आजचा शेवटचा दाखला. १८७१ मध्ये ब्रिटिश सरकारने गुन्हेगार जमाती कायदा केला. त्यामागचा युक्तिवाद असा होता: या देशात सुताराचा मुलगा सुतार होतो, विणकराचा विणकर होतो; तसा ज्या जातीचा पिढीजात धंदाच गुन्हा आहे, तिथला मुलगा गुन्हेगारच होणार. १९११ च्या कायद्याने हे मुंबई इलाख्यालाही लागू झालं. नाव नोंदवायचं, बोटांचे ठसे द्यायचे, हजेरी लावायची, गाव सोडताना पास घ्यायचा. सोलापूरला तारेच्या कुंपणाची सेटलमेंट उभी राहिली. तिथली माणसं शहरातल्या गिरण्यांत कामाला जात आणि परत कुंपणाच्या आत येत. पोरांना आईबापांपासून तोडून सुधारगृहात ठेवायची तरतूद कायद्यात होती. इथे आदामही नव्हता आणि गतजन्मही नव्हता. गुन्हा घडायच्या आधीच गुन्हेगार ठरवायला जन्मदाखला पुरेसा होता.

या कायद्यात दोन परंपरांची गाठ पडली, ती फार बोलकी आहे. जन्मावरून धंदा आणि धंद्यावरून लायकी ही कल्पना सरकारला आपल्या जातिव्यवस्थेतून मिळाली. आणि कायदा राबवणारे साहेब दर रविवारी चर्चमध्ये ‘आम्ही सगळे पापी’ अशी कबुली देत होते; अनेक सेटलमेंट तर साल्व्हेशन आर्मी या ख्रिस्ती संस्थेकडेच चालवायला होत्या. रविवारी सगळेच पापी, सोमवारी मात्र काहीच जमाती गुन्हेगार. १९५२ च्या ३१ ऑगस्टला हा कायदा रद्द झाला आणि या जमातींना ‘विमुक्त’ म्हटलं जाऊ लागलं. पण लक्ष्मण गायकवाड यांचं १९८७ चं ‘उचल्या’ वाचा. कायदा जाऊन पस्तीस वर्षं झाल्यावरही ते शीर्षक ही एक शिवीच होती, आणि झडतीला येणाऱ्या पोलिसांना पुरावा लागत नव्हता. आजही गावात चोरी झाली की आधी कोणत्या पालावर धाड पडते, हे आपल्याला सांगावं लागत नाही.

आता हिशेब मांडू. माणसाच्या स्वभावाबद्दलचा कोणताही सिद्धान्त पुढे आला, की त्याला दोन प्रश्न विचारावेत, असं आम्हाला वाटतं. सिद्धान्त सांगणारा स्वतः त्या दोषात सामील आहे का? आणि दोषी ठरलेल्याला बाहेर पडायची वाट आहे का? ऑगस्टिन पहिल्या प्रश्नाला पूर्ण उतरतो, स्वतःचीच चोरी चव्हाट्यावर आणतो. दुसऱ्या प्रश्नाला तो तान्ह्या बाळापाशी अडतो. सामाजिक वापरातला कर्मसिद्धान्त पहिल्याच प्रश्नाला नापास होतो. आणि १८७१ चा कायदा दोन्ही प्रश्नांना.

मग वारसा म्हणून काहीच येत नाही का? येतं. इथे आपण ऑगस्टिनचा तो टाकलेला धागा उचलू. आपण जन्मतो ते आधीच सुरू असलेल्या संगतीत. झाड हलवायला टोळी निघालेली असते, आपण मागून सामील होतो. अस्पृश्यता कुणा एकट्याने केली नाही. वेगळी कपबशी ठेवताना कुणालाही आपण पाप करतोय असं वाटलं नाही, कारण सगळं गाव ठेवत होतं. एकटा असता तर कुणी केलं असतं का?

यावर लगेच उत्तर येतं, ‘ते आमच्या आजोबांनी केलं असेल, आमचा काय संबंध?’ इथे आपल्याकडच्या वारसा कायद्यातली एक गोष्ट उपयोगी पडते. पूर्वी बापाचं कर्ज फेडणं हे मुलाचं धार्मिक कर्तव्य समजलं जाई आणि कोर्टही तसं मानत असे. २००५ च्या हिंदू उत्तराधिकार दुरुस्तीनंतरच्या कर्जांसाठी केवळ त्या कर्तव्याच्या नावाखाली मुलाकडून वसुली करता येत नाही. पण बापाची मालमत्ता मुलाने घेतली असेल, तर त्या मालमत्तेपुरतं बापाचं देणं त्याला द्यावंच लागतं. आम्हाला यात मूळ पापाच्या वादाचा शहाणा निवाडा दिसतो. आजोबांचा अपराध नातवाच्या अंगाला चिकटत नाही. तो जन्मतः दोषी नाही. पण आजोबांच्या अन्यायातून आलेली जमीन, शिक्षण, ओळखी, गावातला मान हे सगळं तो सातबाऱ्यासकट घेत असेल, तर त्या मापाचं देणंही त्याच्याकडे येतं. ऑगस्टिनने अपराध वारसाने दिला आणि देणं विसरला. पेलॅजियसने दोन्ही पुसून टाकलं. आपण अपराध सोडावा आणि देणं ठेवावं.

व्याख्यान इथे संपलं असतं, पण आत्ताच एका ताईंनी चिठ्ठी पाठवली आहे. त्या विचारतात, ‘हे सगळं ठीक. पण घरात लहान मूल आहे. त्याला तू मुळात चांगला आहेस असं सांगू, की तुझ्यात वाईट आहे असं सांगू?’

ताई, दोन्ही नका सांगू. त्याने शाळेत चार जणांबरोबर मिळून कुणाला छळलं, तर ‘माझा मुलगा तसा नाहीच’ म्हणू नका आणि ‘बापावर गेलाय’ असंही म्हणू नका. एवढंच विचारा, तू एकटा असतास तर हे केलं असतंस का? आणि ते पोर घरी जाऊन रडलं असेल, त्याचं नाव काय? ऑगस्टिनला पहिला प्रश्न सुचला होता. दुसरा सुचला नाही.

पुढच्या वेळी आपण प्रायश्चित्त आणि क्षमा या विषयावर बोलू.